इतिहासात बी.ए., एम.ए. झालात? साताऱ्यातून पुढची वाट कशी काढायची

निकाल लागले की माझ्या दारात एक जोडी हमखास येते. वडील पुढे, मुलगा किंवा मुलगी मागे. यंदा कोरेगाव भागातले एक काका आले. चहा होईपर्यंत गप्प बसले आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "मॅडम, पोरगी इतिहासात पहिल्या वर्गात आली. आनंदच हाय. पण आता हिचं करायचं काय?" मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मी तिला विचारलं, "तुझ्या पणजोबांचं नाव काय?" तिला माहीत नव्हतं. "मग शोधायचं ठरवलंस तर कुठं शोधशील?" ती जरा विचार करून म्हणाली, "आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात. नाहीतर जुन्या सातबाऱ्यावर. आणि तहसीलला जन्म-मृत्यूचं रजिस्टर असतं ना?"

मी काकांना म्हटलं, हिनं आत्ता जे उत्तर दिलं, त्यालाच बाहेर पैसे मिळतात. कुठला कागद कुठं असतो, तो कसा वाचायचा आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे कळणारी माणसं फार थोडी आहेत. 'इतिहासकार पाहिजे' अशी जाहिरात येत नाही. पण कागद वाचणाऱ्याची गरज तहसीलला असते, कोर्टात असते, शाळेत, संग्रहालयात, गडावर आणि छापखान्यातही असते. इतिहासाच्या पदवीला एखादं दुसरं कौशल्य जोडावं लागतं. ते कोणतं जोडायचं हे जितकं लवकर ठरेल, तितकी वर्षं वाचतात.

साताऱ्यात राहून हे कसं करायचं, ते क्रमानं सांगते.

आधी एक कागद शोधा

कोर्स, क्लास, अर्ज यांतलं काहीही करण्याआधी पंधरा दिवस काढा आणि आपल्या घरातला किंवा गावातला एक जुना कागद मिळवा. आजोबांचा शाळेचा दाखला चालेल, खरेदीखत चालेल, देवळाच्या जमिनीचा उतारा चालेल. त्यावर पाचशे शब्द लिहा. कागद कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, त्यात काय आहे, काय असायला हवं होतं पण नाही, आणि त्यातली एखादी गोष्ट दुसऱ्या कागदावरून पडताळता येते का.

साध्या शाळेच्या रजिस्टरात काय दडलेलं असतं याचा दाखला आपल्या गावातच आहे. साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' या मुलाचं नाव दाखल झालं. त्या एका ओळीमुळे राज्यात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. ओळ लिहिणाऱ्या कारकुनाला याची कल्पनाही नसेल.

हे पाचशे शब्द लिहिताना तुम्हाला आपला कल कळतो. कागदात तास न् तास गेले आणि भूक लागल्याचं कळलं नाही, तर तुमची वाट जुन्या कागदपत्रांच्या दप्तराकडे, मोडी लिपीकडे, संशोधनाकडे जाते. कागदापेक्षा त्याची गोष्ट कुणाला तरी सांगायची घाई झाली, तर शिकवणं, गाइडचं काम, लेखन यांचा विचार करा. दोन्ही कंटाळवाणं वाटलं, तरी बिघडत नाही. मग पदवी ही फक्त पात्रता समजून स्पर्धा परीक्षा, बँक, वकिली यांकडे सरळ वळावं. मन नसताना एम.ए.ला नाव घालू नका.

याच पंधरवड्यात घरी बसून दोन गोष्टी मोकळेपणानं बोलून घ्या. पगाराशिवाय किती महिने चालेल? आणि सातारा सोडून पुण्या-मुंबईला राहणं जमेल का? मुलींच्या बाबतीत दुसरा प्रश्न पालक टाळतात आणि नंतर ऐन वेळी तोच आडवा येतो.

मोडी: सगळ्यात जवळची वाट

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण कमी खर्चात आणि घर न सोडता सुरू होणारी याच्याइतकी दुसरी वाट आपल्या भागात मला दिसत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडचा रोजचा कारभार मोडीत चालत होता. जमिनीचे कागद, गावचं जन्म-मृत्यूचं रजिस्टर (गाव नमुना नंबर चौदा, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात), शाळांची जुनी रजिस्टरं, खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं, सगळं मोडीत. जात पडताळणीसाठी जुने पुरावे लागतात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. म्हणजे पुरावा शोधणारा माणूस फिरून फिरून मोडीपाशीच येतो. २०२३ च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. त्याआधीही जमिनीच्या दाव्यांमुळे काम होतंच, पुढेही राहील.

मोडी नेमकी कशी असते ते एकदा जवळून बघा. लिहिणारा आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग रेघ ओढून घ्यायचा आणि मग तिला खालून अक्षरं टांगत जायचा. बोरू शक्यतो उचलायचा नाही. त्यामुळे शब्द सुटे होत नाहीत, कुठं संपला ते अर्थावरून कळतं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. संक्षेप मात्र भरपूर. 'मौ॥' म्हणजे मौजे, 'क॥' म्हणजे कसबे, 'बि॥' म्हणजे बिन, अमक्याचा मुलगा. पण ह्याच दोन उभ्या रेघा आकड्यापुढे आल्या की त्या अर्ध्या होतात, '१॥' म्हणजे दीड. नवखा माणूस इथं हमखास अडतो.

तारखांचं वेगळंच. पेशवेकालीन पत्रात 'समान खमसैन मया व अलफ' असं दिसतं. हे अरबी आकडे आहेत. समान म्हणजे आठ, खमसैन पन्नास, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११५८. हा सुहूर सन, त्या काळची एक कालगणना. मृगापासून (जूनच्या सुरुवातीपासून) डिसेंबरपर्यंतच्या तारखेत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हे पत्र १७५७-५८ चं. फसली सनात हीच बेरीज ५९० आणि ५९१ ची, शकात ७८ ची. पहिल्यांदा एका पत्राची तारीख मी अशी सोडवली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी सगळ्या घराला उठवून सांगितलं होतं.

शिकायचं कसं? राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात वर्ग असतात, काही महाविद्यालयांत छोटे अभ्यासक्रम आहेत. वर्ग दहा-पंधरा दिवसांचा असतो. त्यातून अक्षरओळख होते, वाचन येत नाही. वाचन पुढच्या सहा महिन्यांत घरी बसून येतं. मी विद्यार्थ्यांना जो क्रम देते तो असा. पहिला महिना फक्त लिहायचं. रोज दोन पानं, वर्तमानपत्रातली बातमी मोडीत उतरवायची. हात वळला की डोळा आपोआप वळतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात १९०० ते १९४० मधले कागद घ्यायचे, ते तुलनेनं सुबक असतात. चौथ्या महिन्यात गावची रजिस्टरं. तिथं प्रत्येक कुलकर्ण्याचं, म्हणजे गावचं दप्तर लिहिणाऱ्याचं, वळण वेगळं. पहिली चार-पाच पानं रडकुंडीला आणतात, मग त्या माणसाचं अक्षर ओळखीचं होतं. खरेदीखत-गहाणखतं पाचव्या महिन्यात, त्यांतली भाषा ठरावीक असते. पेशवेकालीन पत्रांना शेवटी हात घालायचा. एक वही 'अडलेले शब्द' म्हणून ठेवा. अडलेला शब्द जसा दिसतो तसा त्यात काढायचा, कळला की शेजारी लिहायचा. माझी पहिली वही अजून माझ्या टेबलावर असते.

कागद कुठं मिळतात याचं स्थानिक ज्ञान ही तुमची खरी ताकद. पूर्वीचा सातारा जिल्हा फार मोठा होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणून वाळवा-तासगावकडच्या माणसाच्या जुन्या कागदावर 'जिल्हा सातारा' दिसतं आणि तो गोंधळतो. औंध आणि फलटण ही स्वतंत्र संस्थानं होती, त्यांच्या दप्तराची घडण निराळी. हे एवढं ज्याला माहीत आहे तो गिऱ्हाइकाचे चार हेलपाटे वाचवतो. जमीन महसुलाचे बरेच जुने कागद आता सरकारच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले सापडतात. बाकीसाठी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करायचा. अर्जात गावाचं नाव, रजिस्टरचा प्रकार आणि अंदाजे सालं स्पष्ट लिहा. नुसतं 'जुनी नोंद मिळावी' लिहिलेला अर्ज तसाच पडून राहतो.

कामाची पद्धतही पहिल्या दिवसापासून पक्की ठेवा. कागद बघितल्याशिवाय दर सांगू नका. दर पानावर ठरवा, पण पान फाटकं, पुसट किंवा दाट असेल तर वेगळा सांगा. लिप्यंतर करताना मूळ ओळीसमोर तीच ओळ, तिला क्रमांक. वाचता न आलेलं अक्षर टिंबांनी दाखवायचं, अंदाजानं भरायचं नाही. संक्षेप कशाचा आहे ते त्याच रजिस्टरातल्या आजूबाजूच्या दहा नोंदी वाचून ठरवायचं. खाली आपली सही, तारीख आणि कोणत्या प्रतीवरून वाचलं त्याचा उल्लेख.

आणि एक गोष्ट काळजावर कोरून ठेवा. कुणीतरी येईल आणि म्हणेल, "मॅडम, इथं तेवढा आमच्या सोयीचा शब्द वाचा." माझ्याकडे आले आहेत, ओळखीचे आले आहेत, दुप्पट पैसे घेऊन आले आहेत. त्यांना परत पाठवायचं. तुमच्या वाचनावर कुणाचं शिक्षण, कुणाची जमीन ठरणार आहे. एकदा जरी खोटं वाचलं, तरी मग तुमचं खरं वाचनही कुणी खरं धरणार नाही.

शिकवायचं असेल तर

पात्रतेच्या पायऱ्या सरळ आहेत. सहावी ते आठवीसाठी पदवी, बी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी). नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीसाठी एम.ए. आणि बी.एड. भरती सरकारच्या 'पवित्र' पोर्टलवरून होते आणि तिथं अभियोग्यता चाचणीचे, म्हणजे टेटचे, गुण लागतात. टीईटी आणि टेट ही दोन नावं सारखी वाटतात, परीक्षा मात्र वेगळ्या आहेत. दरवर्षी कुणीतरी एकच देऊन थांबतो.

बी.एड.ला दुसरी अध्यापन पद्धती निवडताना विचार करा. शाळेला नुसता इतिहासाचा शिक्षक क्वचितच लागतो. इतिहासाबरोबर भूगोल, मराठी किंवा इंग्रजी शिकवणारा लागतो. इंग्रजी जमत असेल तर डोळे झाकून घ्या.

वरिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. नेट देशपातळीवर होते, सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. दोन्ही परीक्षांत पहिला पेपर शंभर गुणांचा आणि विषयाचा दोनशेचा असतो, चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पहिल्या पेपरकडे इतिहासवाले दुर्लक्ष करतात आणि तिथंच घसरतात. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर महिना ३७,००० रुपये छात्रवृत्ती आहे. पीएच.डी.साठी सारथी, महाज्योती, बार्टी या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. आपण कोणत्या संस्थेच्या कक्षेत येतो ते नोंदणीच्या आधीच बघून ठेवा, नंतर मुदत निघून जाते.

आता जे कुणी पुढ्यात सांगत नाही ते. नेट-सेट झालं की नोकरी लागते असं नाही. बहुतेकांना आधी तासिका तत्त्वावर, सीएचबीवर, काम मिळतं. मी चार वर्षं एका महाविद्यालयात असं शिकवलं. पैसे तासावर, सुट्टीत काही नाही, मानधन कधी कधी सहा-सहा महिने उशिरा. त्या वर्गांतल्या मुलांनी मला खूप दिलं, त्यांतली काही आज माझ्याबरोबर काम करतात. पण त्या चार वर्षांत घर मोडीच्या कागदांवर चाललं. म्हणून शिकवण्याची ओढ असेल तर जरूर जा, फक्त बाजूला कमाईचं दुसरं साधन उभं करून जा. आणि सीएचबीला किती वर्षं द्यायची याचा आकडा आधी ठरवा. माझ्या मते तीनच्या पुढे जाऊ नये.

स्पर्धा परीक्षा: तारीख ठरवूनच उतरा

राजवाडा परिसरातल्या कुठल्याही अभ्यासिकेत संध्याकाळी डोकावलं तर इतिहासाची पुस्तकं उघडलेली दिसतात. इतिहासवाल्याला तिथं खरोखर फायदा आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. गुणवत्तेत धरले जाणारे १७५० गुण, त्यांत वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून ५००, आणि वर २७५ ची मुलाखत. आराखडा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या (यूपीएससी) परीक्षेसारखाच असल्यानं एका अभ्यासात दोन्ही परीक्षा बसतात. बी.ए.-एम.ए.ला दीर्घ उत्तरं लिहायची सवय झालेल्यांना हा बदल मानवणारा आहे.

केंद्रीय परीक्षेला इतिहास वैकल्पिक घेतला तर पहिल्या पेपरात नकाशाचा प्रश्न असतो. वीस ठिकाणं, पन्नास गुण. रोज पाच ठिकाणं भरून बघितली तर हे गुण हातचे आहेत. आणि आधुनिक भारत शिकताना आपला जिल्हा वापरा. १८४८ मध्ये डलहौसीनं खालसा केलेलं सातारा संस्थान, १९३९ ची औंधची राज्यघटना, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार. परीक्षकाला घोकलेल्या उत्तरांत असं नेमकं उदाहरण दिसलं की तो थांबतो.

पण तारीख ठरवा. दोन पूर्व परीक्षा किंवा तीन वर्षं, जे ठरेल ते कागदावर लिहून घरी द्या. त्या काळात एक तरी जोडीची पात्रता पूर्ण करा, मग ती बी.एड. असो, एल.एल.बी. असो की मोडी. तिशी ओलांडून हातात काहीच नसलेली हुशार मुलं मी बघते, आणि त्यांच्या आया माझ्याशी बोलायला येतात तेव्हा मला काय बोलावं सुचत नाही.

वस्तुसंग्रहालय, पुरातत्त्व, दप्तरखाना

जुलै २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली आणि लोकांनी रांगा लावल्या. त्या काचेच्या पेटीमागे किती हात असतात याचा विचार त्या रांगेत फार कमी जणांनी केला असेल. आर्द्रता सांभाळणारा, नोंद ठेवणारा, फलकावरचा मजकूर लिहिणारा. ही सगळी कामं शिकून घेता येतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्राचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे, बडोद्याला विद्यापीठाचा जुना विभाग आहे. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. अर्ज करण्याआधी तिथं एक अख्खा दिवस घालवा आणि चित्रं बघून झाली की पाट्या वाचा. त्या तुम्ही कशा लिहिल्या असत्या?

उत्खननाची आवड असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज. तिथं एम.ए. करून पुढे ग्रेटर नोएडातल्या पुरातत्त्व संस्थेची दोन वर्षांची पदविका करता येते. केंद्रीय पुरातत्त्व खात्यातल्या वरच्या जागा लोकसेवा आयोगामार्फत भरतात. अभिलेखागारासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची एक वर्षाची पदविका. या सगळ्यांत जागा थोड्या, वाट बघणं जास्त, आणि सातारा सोडावंच लागतं.

माणसांना इतिहास दाखवण्याचं काम

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत आपल्या जिल्ह्यातला प्रतापगड आहे. महाबळेश्वरला येणारा पर्यटक एरवी अर्ध्या दिवसात गड उरकतो. त्याला नीट सांगणारा माणूस हवा आहे, आणि आता परदेशी अभ्यासकही येतील. गडावर पिढ्यान् पिढ्या माहिती सांगणारी स्थानिक माणसं आहेत. त्यांच्या पोटावर पाय देऊन जाऊ नका. त्यांच्याकडे वाटांचं, टाक्यांचं, नावांचं जे ज्ञान आहे ते तुमच्या पुस्तकात नाही. जोडीनं काम करा.

गर्दीत शिरण्यापेक्षा मी साताऱ्याच्या गावफेरीपासून सुरुवात करायला सांगते. दोन-अडीच तासांची एक वाट बसवा. जुना राजवाडा आणि प्रतापसिंह हायस्कूल, मग चार भिंती हे स्मारक, शेवटी अजिंक्यतारा किल्ला. एवढ्या टप्प्यात १७०० साली प्रयागजी प्रभूंनी महिनोन् महिने झुंजवलेला औरंगजेबाचा वेढा येतो, १२ जानेवारी १७०८ चा शाहू महाराजांचा राज्याभिषेक येतो, १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवलेले प्रतापसिंह महाराज येतात आणि त्यांची बाजू मांडायला लंडनमध्ये चौदा वर्षं राहिलेले रंगो बापूजी गुप्तेही येतात. प्रत्येक थांब्यावर चारच मिनिटं बोला. तुम्हाला जे माहीत आहे त्यातला चौथा हिस्साच सांगा, बाकीचा प्रश्नांसाठी ठेवा.

पहिल्या पाच फेऱ्या ओळखीच्यांना फुकट द्या आणि लोक कुठं मोबाइल काढतात ते बघा. तिथला मजकूर कापा. सहाव्या फेरीपासून पैसे घ्या, संकोच करू नका. शाळांच्या सहली हा भरवशाचा ग्राहक. दिवाळीनंतर सहली सुरू होतात, म्हणून मुख्याध्यापकांना सप्टेंबरातच भेटा. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ऑनलाइन 'टुरिस्ट फॅसिलिटेटर' अभ्यासक्रम खुला असेल तर करून ठेवा, हॉटेलवाले आणि सहलवाले प्रमाणपत्र विचारतात. दंतकथा सांगायला हरकत नाही, पण 'असं सांगतात' हे दोन शब्द आधी लावा.

लिहिण्याचं काम

मराठी विश्वकोशाचं संपादकीय कार्यालय आपल्या वाईत आहे, पहिला खंड निघाला १९७६ मध्ये. आता नोंदी अद्ययावत होत असतात आणि विषयवार ज्ञानमंडळांमार्फत लेखकांकडून लिहून घेतल्या जातात. मानधनापेक्षा शिस्त मोठी. दोनशे शब्दांत एक किल्ला बसवायला लागला की आपल्या लिहिण्यातली चरबी किती आहे ते कळतं.

पैशाचं काम मात्र दुसरीकडे आहे आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. शाळांची शताब्दी, पतसंस्थांचा सुवर्णमहोत्सव, देवस्थानांचा इतिहास, गावाचा इतिहास, घराण्याचा कुलवृत्तांत. ही पुस्तकं निघतातच. बहुतेक वेळा शुभेच्छांची पानं जास्त आणि इतिहास दीड पानाचा असतो, कारण जुनी इतिवृत्तं वाचून लिहिणारं कुणी मिळत नाही. असं काम घेताना लेखी बोली करा. किती पानं, किती मुदत, फोटो कोण देणार, तिसरा हिस्सा आगाऊ. आणि कागदात जे निघेल ते वगळायला लावणार नाहीत याचं बोलणं आधीच व्हायला हवं. संस्थापकांच्या भांडणाचा ठराव सापडला की समितीचे चेहरे बदलतात.

म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचं काम तर थांबूच शकत नाही. प्रतिसरकार प्रत्यक्ष पाहिलेली माणसं आता बोटावर मोजण्याइतकी. मोबाइल पुरतो. खोलीतला पंखा बंद करा, दोन तासांपेक्षा जास्त बसवू नका, आणि पहिला प्रश्न चळवळीचा नको. त्या वर्षी शेतात काय पेरलं होतं, असं विचारा. माणूस तिथून आपोआप चळवळीवर येतो. बोलणाऱ्याची लेखी परवानगी घ्या. यातून मालिकावाले, माहितीपटवाले, यूट्यूब वाहिन्या यांचं संशोधन-सहायकाचं काम मिळतं.

वकिलीबद्दल दोनच वाक्यं. पदवीनंतर तीन वर्षांचं एल.एल.बी. साताऱ्यातच इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालयात होतं, आणि जमिनीच्या दाव्यात मोडी वाचणारा वकील दुसऱ्याच्या वाचनावर अवलंबून राहत नाही. माझ्या ओळखीतल्या इतिहासवाल्यांपैकी लवकर स्थिरावलेले बरेच जण या वाटेनं गेले.

पहिलं वर्ष कसं लावायचं

कोरेगावच्या त्या मुलीला मी जो कागद लिहून दिला तोच इथं देते. जुलै-ऑगस्टमध्ये घरचा कागद आणि पाचशे शब्द, सोबत मोडीचा वर्ग. सप्टेंबरपासून रोज सकाळी दोन तास ठरलेल्या परीक्षेचे (तिनं बी.एड.ची सीईटी निवडली), संध्याकाळी एक तास मोडी. दिवाळीच्या सुट्टीत गावातल्या दोन म्हाताऱ्यांचं ध्वनिमुद्रण. जानेवारीत तहसीलला नकलेचा पहिला अर्ज स्वतः करायचा, वडिलांना पाठवायचं नाही. फेब्रुवारीत पुण्याची फेरी. मार्चपासून पैसे घेऊन पहिलं काम, कितीही लहान असो. प्रत्येक कामाची एक प्रत, गोपनीय तपशील झाकून, फाइलला लावायची. मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा ही फाइल बोलते.

पुण्याच्या फेरीचं थोडं सांगते, कारण तिथं पहिल्यांदा जाणारा घाबरतो. पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे आणि सातारकर छत्रपतींचं दप्तरही तिथंच आहे, म्हणजे आपल्या गावचे कागद बघायला आपल्याला पुण्याला जावं लागतं. विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्र दोन प्रतींत न्या. पेन पिशवीत राहू द्या, टोकदार दोन पेन्सिली आणि वही बाहेर ठेवा. 'मला मराठ्यांचा इतिहास बघायचाय' असं म्हणू नका. एक गाव, एक विषय, पाच-दहा वर्षांचा काळ सांगा, मग तिथली माणसं मनापासून मदत करतात. कागद कापडात बांधलेले असतात, त्याला रुमाल म्हणतात. गाठ सोडताना कागद कोणत्या क्रमानं आहेत ते आधी वहीत टिपा आणि त्याच क्रमानं परत बांधा. सकाळी लवकरची स्वारगेट गाडी पकडली तर दप्तर उघडायच्या वेळेला दारात पोहोचता, आणि पहिल्या दिवशी एक पान जरी पुरतं वाचून झालं, तरी संध्याकाळच्या गाडीत ते पुन्हा एकदा वहीत उतरवून काढा, कारण अडलेले शब्द बरेचदा खंबाटकी घाट चढेपर्यंत सुटतात.